लुइझियाना समजून घ्यायचं तर आधी जमिनीची उंची पाहा

प्रश्न असा आहे: ऑगस्टमध्ये बॅटन रूजजवळच्या एका रसायन प्रकल्पात नोकरीवर रुजू व्हायचं आहे, सोबत पत्नी आणि पाच वर्षांचा मुलगा. राज्याची पायाभूत माहिती हवी आहे. शिवाय घर कुठे घ्यावं, विमा कोणता, कायदे आणि कर कसे, तेही.

लुइझियानात घराची किंमत, विम्याचा हप्ता, वादळात किती आधी घर सोडायचं, शहर कुठे वसलं आणि कुठे बुडालं, या सगळ्यांची उत्तरं एकाच आकड्याशी येऊन मिळतात: पायाखालची जमीन समुद्रसपाटीपासून किती फूट वर आहे. म्हणून सुरुवात जमिनीपासून करतो.

राज्याचं क्षेत्रफळ पाण्यासकट सुमारे १,३५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं कमी. त्यातली कोरडी जमीन साधारण १,११,९०० चौरस किलोमीटर. बाकी खाड्या, तळी आणि बायू. बायू म्हणजे संथ वाहणारा, काठांवर सायप्रसची झाडं असलेला ओढा. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ४६,५७,७५७ होती. राजधानी बॅटन रूज, सर्वांत मोठं शहर न्यू ऑर्लीन्स. पश्चिमेला टेक्सस, उत्तरेला आर्कान्सा, पूर्वेला मिसिसिपी राज्य, दक्षिणेला मेक्सिकोचं आखात. राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण ड्रिस्किल माउंटन, उंची ५३५ फूट, म्हणजे १६३ मीटर. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, यावरून इथला 'पर्वत' केवढा ते कळेल. न्यू ऑर्लीन्सचा जवळपास अर्धा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे.

दक्षिण लुइझियानाची जमीन मिसिसिपी नदीने आणलेल्या गाळाची आहे आणि तिचा उतार आपल्या अनुभवाच्या नेमका उलटा आहे. आपल्याकडे नदीकडे जायचं म्हणजे उतरायचं. इथे नदीकडे जायचं म्हणजे चढायचं. पूर आला की नदी काठ ओलांडते, तिचा वेग काठावरच मंदावतो आणि जड रेती तिथेच बसते. बारीक चिकणमाती मात्र दूर वाहत जाते. हजारो वर्षं हे घडत गेल्याने नदीकाठची पट्टी उंच आणि घट्ट झाली, तर तिच्यापासून दूरची जमीन खोलगट आणि दलदलीची राहिली. १७१८ मध्ये फ्रेंचांनी न्यू ऑर्लीन्स वसवलं ते या उंच पट्टीवर. मागची दलदल विसाव्या शतकात पंप लावून उपसली आणि तिथे वस्त्या उभ्या राहिल्या. उपसल्यावर तिथली माती सुकली, तिच्यातला सेंद्रिय भाग कुजला आणि जमीन आणखी खचली. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळात शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, पण नदीलगतचा जुना फ्रेंच क्वार्टर बहुतांशी कोरडा राहिला, त्याचं कारण हेच. त्या दिवशी मुख्य नदीचे बांध टिकले होते. कालव्यांच्या काँक्रीट भिंती गेल्या. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन अव्हेन्यू कालव्यांच्या भिंती तर पाणी वरून वाहण्याआधीच पायातून सरकल्या.

बॅटन रूजची गोष्ट वेगळी आहे. आखाताकडून नदीने वर येताना पूर्व काठावर लागणारा पहिला खरा उंचवटा इथे आहे, त्यामुळे नदीच्या पुराचा धोका शहराच्या बऱ्याच भागाला कमी. समुद्रात जाणारी मोठी जहाजं नदीतून सुमारे ३७० किलोमीटर आत, बॅटन रूजपर्यंत येतात. म्हणूनच इथून न्यू ऑर्लीन्सपर्यंतच्या काठावर तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे दीडशेहून अधिक प्रकल्प उभे आहेत. पण 'बॅटन रूज उंचावर आहे' हे ऐकून निर्धास्त होऊ नका. ऑगस्ट २०१६ मध्ये एकाच जागी रेंगाळलेल्या पावसाने वॉटसन इथे काही दिवसांत ३१ इंचांहून अधिक पाणी ओतलं. अमीट आणि कोमाइट या लहान नद्या फुगल्या, डेनम स्प्रिंग्स आणि बॅटन रूजच्या पूर्वेकडच्या वस्त्या बुडाल्या. ते नाव दिलेलं वादळ नव्हतं. बुडालेली असंख्य घरं नकाशावर 'धोका कमी' असलेल्या क्षेत्रात होती आणि त्यांचा पूरविमा नव्हता.

नदीच्या व्यवस्थेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या राज्याचं अस्तित्वच तिच्यावर टिकलेलं आहे. अमेरिकेच्या सलग ४८ राज्यांपैकी ४१ टक्के भूभागाचं पाणी मिसिसिपीतून इथे येतं. दोन्ही काठांवर मातीचे उंच बांध आहेत, त्यांना लेव्ही म्हणतात. न्यू ऑर्लीन्समध्ये नदीची धोक्याची पातळी १७ फूट आणि बांधांचं संरक्षण २० फुटांपर्यंत. वसंतात पाणी चढलं की रस्त्यावरून पाहताना जहाज डोक्याच्या वरून चालल्यासारखं दिसतं.

आपल्याकडे पावसाळ्यात धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, तेच माप इथे घेऊ. २०१९ च्या सांगलीच्या पुरात अलमट्टीतून सुमारे पाच लाख क्युसेक पाणी सोडलं जात होतं. न्यू ऑर्लीन्सजवळून साडेबारा लाख क्युसेकपेक्षा जास्त पाणी जाऊ द्यायचं नाही, असा इथला नियम आहे. प्रवाह त्या आकड्याकडे जाऊ लागला की शहराच्या वरच्या अंगाला असलेला बॉने कॅरे सांडवा उघडतात. १९३१ मध्ये पूर्ण झालेल्या या सांडव्याला ३५० गाळे आहेत आणि प्रत्येक गाळ्यात २० लाकडी ओंडके उभे लावलेले आहेत. क्रेनने ते एकेक उचलायचे. सगळे काढले की अडीच लाख क्युसेक पाणी पॉन्चरट्रेन सरोवरात वळतं. बंद गाळ्यांतूनही फटींतून पाणी पाझरतं, ती बिघाडाची खूण नाही. त्याच्याही वर मोर्गान्झा सांडवा आहे. तो आजवर फक्त १९७३ आणि २०११ मध्ये उघडावा लागला.

पण सगळ्यांत नाजूक जागा बॅटन रूजच्या वर, ओल्ड रिव्हर इथे आहे. मिसिसिपीतून फुटणारा अचाफलाया हा फाटा आखाताला जवळपास निम्म्या अंतरात गाठतो. उतार जास्त असल्याने नदीचा कल तिकडे वळण्याचा आहे. गेल्या काही हजार वर्षांत तिने असं मुख बऱ्याचदा बदललं आहे. ती पूर्ण वळली तर बॅटन रूज आणि न्यू ऑर्लीन्सला गोड पाणी मिळणार नाही आणि बंदरं गाळाने भरतील. म्हणून १९६३ पासून तिथे दरवाजे बसवून मिसिसिपी आणि रेड नदीच्या एकत्रित पाण्यातलं ३० टक्के अचाफलायात आणि ७० टक्के मुख्य पात्रात असं वाटप केलं जातं. १९७३ च्या पुरात या दरवाज्यांच्या पायाखाली मोठा खड्डा पडला आणि एक भिंत कोसळली. त्यानंतर १९८६ मध्ये शेजारी दुसरी पूरक रचना बांधली. या राज्याविषयी एकच अभियांत्रिकी गोष्ट समजून घ्यायची असेल, तर ही घ्या.

बांधांची किंमत मात्र किनाऱ्याने मोजली आहे. पूर थांबले तसा दलदलीला मिळणारा गाळही थांबला. त्यात जमीन मुळात खचणारी. तेलासाठी खोदलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत आलं, गवत मेलं, मुळांनी धरून ठेवलेली माती सुटली. १९३२ पासून सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्यात गेली आहे. मुंबई शहर आणि उपनगर मिळून ६०३ चौरस किलोमीटर, म्हणजे तशा आठ मुंबया. नदीचा गाळ पुन्हा दलदलीत सोडण्यासाठी मिड-बाराटारिया नावाचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला होता. वाढता खर्च आणि कालवं-कोळंबी व्यवसायाचं नुकसान ही कारणं देत राज्याने तो २०२५ मध्ये रद्द केला. माझ्या मते हा निर्णय फार महागात पडेल. गाळाशिवाय ही जमीन टिकवण्याचा दुसरा मोठा उपाय कुणाकडेच नाही.

आता घर. कोणतंही घर बघताना आधी केंद्र सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, म्हणजे फेमाच्या, पूरनकाशावर पत्ता टाका. एई क्षेत्र म्हणजे दरवर्षी पुराची किमान एक टक्का शक्यता, व्हीई म्हणजे त्यावर लाटांचा मारा, एक्स म्हणजे त्याहून कमी धोका. एई किंवा व्हीई क्षेत्रात बँकेचं कर्ज घेतलं की पूरविमा सक्तीचा असतो. एक्स क्षेत्रात सक्ती नसते, आणि लोक तिथेच फसतात. २०१६ मध्ये नेमकं तेच झालं. मालकाकडे उंचीचा दाखला मागा. त्यात सर्वांत खालच्या मजल्याची उंची आणि त्या जागेची अपेक्षित पूरपातळी दिलेली असते. मजला पातळीच्या वर जितके फूट, तितकं बरं. घर पूर्वी कधी बुडालं होतं का आणि पूरविम्याचे दावे किती झाले, हे लेखी विचारा.

अमेरिकेतल्या साध्या गृहविम्यात पुराची भरपाई नसते, हे पक्कं लक्षात ठेवा. पूरविमा वेगळा घ्यावा लागतो. सरकारी योजनेत इमारतीसाठी कमाल २,५०,००० डॉलर आणि घरातल्या सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात. भाडेकरूलाही फक्त सामानाचा विमा घेता येतो. बहुतेक वेळा पैसे भरल्यापासून ३० दिवसांनी तो लागू होतो, त्यामुळे वादळ आखातात दिसल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. गृहविम्यात 'नाव दिलेल्या वादळासाठी' वेगळी कपात असते आणि ती घराच्या विमाराशीच्या टक्क्यांत मोजतात: तीन लाखांच्या घरावर पाच टक्के कपात म्हणजे पहिले १५,००० डॉलर आपल्या खिशातून. २०२० चं लॉरा आणि २०२१ चं आयडा या वादळांनंतर राज्यातल्या अनेक लहान विमा कंपन्या बुडाल्या आणि हप्ते खूप वाढले. म्हणून घर विकत घेण्यापूर्वी विम्याचा लेखी दर हातात घ्या, नंतर नको. छपराचं वय विचारा. जुनं छप्पर असलं की काही कंपन्या विमाच देत नाहीत. छताखालच्या फळ्यांच्या सांध्यांवर पट्टी लावून आणि कडीदार खिळे मारून केलेल्या 'फॉर्टिफाइड' छपरासाठी राज्य १०,००० डॉलरपर्यंत अनुदान देतं.

वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्ट मध्य ते सप्टेंबरअखेर. घरं सोडण्याचे टप्पे ठरलेले आहेत: बांधांच्या बाहेरच्या किनारपट्टीला वादळी वारे सुरू होण्याच्या ५० तास आधी, त्यानंतरच्या पट्ट्याला ४० तास आणि न्यू ऑर्लीन्सच्या पूर्व काठाला ३० तास आधी निघायला सांगतात. बॅटन रूजला बहुतेक वेळा लोक बाहेरून येऊन थांबतात, म्हणजे तुमच्यासमोरचा प्रश्न पळण्यापेक्षा वीज जाण्याचा असेल. आयडात न्यू ऑर्लीन्सला वीज आणणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या पडल्या आणि सुमारे दहा लाख ग्राहक अंधारात गेले. त्या वेळी माणसं दगावली ती बरीचशी जनित्राच्या कार्बन मोनॉक्साइडने आणि उष्म्याने. जनित्र घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली कधीही लावू नका. घरापासून किमान २० फूट दूर ठेवा. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, या हिशेबाने पाणी साठवा, गाडीची टाकी हंगामभर अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, आणि मुलाच्या जन्मदाखल्यासकट सगळी कागदपत्रं पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. प्रकल्पाजवळ राहणार असाल तर 'शेल्टर इन प्लेस' ही सूचनाही ओळखून ठेवा: वायुगळती झाली की घरात या, दारं-खिडक्या लावा, बाहेरची हवा खेचणारा पंखा आणि वातानुकूलन बंद करा.

कायद्याच्या बाबतीत हे राज्य बाकीच्या ४९ राज्यांहून वेगळं आहे. इथे १६८२ पासून फ्रेंच दावा होता, १७६० च्या दशकात सत्ता स्पेनकडे गेली, पुन्हा फ्रान्सकडे आली, आणि १८०३ मध्ये अमेरिकेने दीड कोटी डॉलरला अवाढव्य लुइझियाना प्रदेश विकत घेतला. आजचं राज्य त्याचा एक छोटा भाग. ३० एप्रिल १८१२ रोजी ते अमेरिकेचं १८ वं राज्य झालं. खाजगी व्यवहारांचा कायदा मात्र फ्रेंच-स्पॅनिश परंपरेतली दिवाणी संहिता हाच राहिला. जिल्ह्यांनाही इथे काउंटी म्हणत नाहीत, पॅरिश म्हणतात. जुन्या कॅथलिक चर्चच्या हद्दींवरून आलेलं हे नाव. एकूण ६४ पॅरिश आहेत. फॉर्मवर 'काउंटी' विचारलं तर पॅरिशचं नाव लिहायचं; बॅटन रूजसाठी ईस्ट बॅटन रूज पॅरिश.

तुम्हाला थेट लागू होणारे मुद्दे असे. लग्नानंतर कमावलेली मालमत्ता पती-पत्नीची निम्मी-निम्मी मानली जाते. वेगळी व्यवस्था हवी असेल तर राज्यात कायमचं वास्तव्य सुरू केल्यापासून पहिल्या वर्षात न्यायालयाच्या परवानगीशिवाय तसा करार करता येतो. नंतर न्यायालयात जावं लागतं. मृत्युपत्र नसताना एक जोडीदार गेला, तर त्याच्या निम्म्या हिश्श्याची मालकी मुलांकडे जाते आणि हयात जोडीदाराला तो वापरण्याचा हक्क उरतो, तोही पुनर्विवाहापर्यंतच. पाच वर्षांच्या मुलाच्या नावावर घराचा हिस्सा आला की घर विकणं अवघड होतं, म्हणून मृत्युपत्र लवकर करा. संपूर्ण स्वहस्ते लिहिलेलं, तारीख आणि सही असलेलं मृत्युपत्र इथे चालतं. नोटरी आणि दोन साक्षीदारांसमोर केलेलं अधिक सुरक्षित. २३ वर्षांपर्यंतच्या मुलाला वारसाहक्कातून सहसा वगळता येत नाही; असं एक मूल असेल तर एक चतुर्थांश, दोन किंवा जास्त असतील तर निम्मा भाग त्यांच्यासाठी राखीव असतो.

घर विकत घेताना करारात 'रेडहिबिशनचा हक्क सोडला' असं वाक्य आहे का ते शोधा. रेडहिबिशन म्हणजे लपलेला दोष निघाला तर व्यवहार रद्द करण्याचा किंवा किंमत कमी करून घेण्याचा हक्क. तो सोडल्यावर भिंतीत वाळवी निघाली तरी तक्रार करणं कठीण. आणि इथली फॉर्मोसन वाळवी भयंकर आहे. वाळवीची तपासणी आणि वार्षिक करार यांवर पैसे वाचवू नका.

कर: २०२५ पासून राज्याचा आयकर सरसकट ३ टक्के आणि राज्याचा विक्रीकर ५ टक्के आहे. त्यावर स्थानिक कर बसून बऱ्याच ठिकाणी खरेदीवर एकूण १० टक्क्यांच्या आसपास जातात. घरी शिजवण्याच्या अन्नधान्यावर राज्याचा कर नाही, स्थानिक कर असू शकतो. मालमत्ता कर मात्र सौम्य आहे: स्वतः राहत असलेल्या घराच्या बाजारभावातल्या पहिल्या ७५,००० डॉलरवर बहुतेक पॅरिश कर लागत नाहीत, पण त्यासाठी पॅरिशच्या मूल्यनिर्धारकाकडे स्वतः अर्ज करावा लागतो.

लोकांविषयी थोडक्यात. उत्तरेकडचं श्रीव्हपोर्ट-मन्रो पाइनच्या जंगलांचं, बाप्टिस्ट, टेक्ससला जवळचं. लाफायेतच्या आसपास केजन लोक. १७५५ पासून इंग्रजांनी नोव्हा स्कोशियातून हाकललेल्या फ्रेंच भाषकांचे वंशज. आणि राज्यभर आफ्रिकी वंशाचे लोक, ज्यांच्या गुलामगिरीवर इथली ऊस आणि कापसाची शेती उभी होती, ज्यांच्या संगीतातून न्यू ऑर्लीन्समध्ये जॅझ जन्मलं. वंशभेदाला घटनात्मक मान्यता देणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १८९६ चा प्लेसी निकाल इथल्याच रेल्वेडब्यातून सुरू झाला. पंजाबी आईवडिलांचा, बॅटन रूजमध्ये जन्मलेला बॉबी जिंदल २००८ ते २०१६ इथला गव्हर्नर होता. उसाशी आपलंही नातं आहे: १९२० च्या दशकात रोगाने इथलं पीक कोसळलं, तेव्हा त्याला सावरणाऱ्या वाणांत जावाच्या बेण्याबरोबर कोइमतूरचे को-२८१ आणि को-२९० होते. आजही एका लागणीनंतर खोडवे घेतले जातात, आणि गाळप दंव पडण्याआधी उरकण्याची घाई असते.

खाण्यात भात सगळीकडे आहे. गंबो म्हणजे भातावर घ्यायचा दाट रस्सा; हा शब्दच आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आलेला. पण शाकाहारी असाल तर विचारून खा. राजम्यासारख्या रेड बीन्समध्ये आणि पालेभाजीत डुकराचं मांस सर्रास असतं. मासे खात असाल तर मार्च ते मे क्रॉफिशचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या प्राण्याचा, बहर, आणि कोळंबी उत्तम.

आता तुमच्या तारखा. ऑगस्टमध्ये पोहोचाल तर वादळांच्या ऐन जोरात पोहोचाल, आणि पूरविम्याचे ३० दिवस सप्टेंबरात संपतील. म्हणून पहिलं वर्ष भाड्याने राहा, तेही वरच्या मजल्यावर. करारावर सही कराल त्याच दिवशी सामानाच्या पूरविम्याचा अर्ज करा. खाजगी कंपन्यांत प्रतीक्षा कमी असू शकते, तो दरही विचारा. एक उन्हाळा जाऊ द्या, मोठ्या पावसात कोणत्या रस्त्यावर पाणी साचतं ते डोळ्यांनी बघा, आणि मगच त्या भागात घर शोधा.